हळदीचं पुस्तक कुठल्या फळीवर? गावच्या वाचनालयात पुस्तकं विषयवार लावताना

ऑगस्ट २०१९मध्ये कृष्णेचं पाणी सांगलीच्या आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा पलूस तालुक्यातल्या आमच्या वाचनालयात ते कपाटाच्या दुसऱ्या फळीपर्यंत आलं होतं. पूर ओसरल्यावर वाचलेली पुस्तकं शाळेच्या व्हरांड्यात वाळवली आणि पुन्हा लावायला बसलो, तेव्हा माझ्या ध्यानात आलं की आपली आधीची मांडणी म्हणजे नुसता ढीगच होता. कादंबरी, कथा, नाटक, कविता, चरित्र एवढं झालं की उरलेलं सगळं 'इतर'. ऊस, वारसाहक्काचा कायदा, मधुमेह, स्पर्धा परीक्षा, सगळं 'इतर'. तिथली ग्रंथपाल मीच, त्यामुळे बोट दुसऱ्याकडे दाखवायची सोय नाही.

सगळ्यात आधी एक सांगते. दाखल नोंदवहीला हात लावू नका. पुस्तक आलं की तिथं मिळतो तो दाखल क्रमांक; हे पुस्तकाचं जन्मनाव, ते बदलत नाही. वर्गांक, म्हणजे विषयावरून दिलेला आकडा, हा राहायचा पत्ता. तो चुकू शकतो, म्हणून पहिलं वर्षभर पेन्सिलीनंच लिहा.

मग नाव वाचून विषय ठरवण्याची खोड सोडा. आमच्याकडे नावात 'माती' आहे म्हणून शेतीत टाकलेलं पुस्तक कवितासंग्रह निघालं, आणि ते तिथं किती वर्षं पडून होतं देव जाणे. अनुक्रमणिका बघा, प्रस्तावनेचं पहिलं पान वाचा, आणि स्वतःला विचारा : हे पुस्तक मागायला कोण येईल, आणि दारात उभं राहून काय म्हणेल?

आमच्या भागातली हळदच घ्या. एक शेतकरी येतो, "बाई, हळदीच्या करप्यावर काय हाय का?" करपा म्हणजे पिकाचा रोग, त्याचं पुस्तक शेतीत. बाळंतिणीच्या काढ्याचं विचारायला आलेली आजी औषधात. मसाले करून विकणारा बचत गट पाककृतीत. सांगलीच्या बाजारात भाव कसे पडतात नि चढतात ते शोधणारा कॉलेजचा पोरगा अर्थशास्त्रात. वस्तू एकच, पण पुस्तकं चार ठिकाणी जातात. हे एकदा पटलं की अर्धं काम झालं.

आता पत्ते. मेल्विल ड्यूई या अमेरिकन ग्रंथपालानं १८७६ साली सगळ्या ज्ञानाचे दहा वाडे पाडले आणि प्रत्येकाला शंभर आकडे दिले. शून्यापासून सामान्य ज्ञान, १०० तत्त्वज्ञान, २०० धर्म, ३०० समाजशास्त्रं, ४०० भाषा, ५०० विज्ञान, ६०० तंत्र, ७०० कला, ८०० साहित्य, ९०० इतिहास-भूगोल. प्रत्येक वाड्यात पुन्हा दहा खोल्या. ६००मध्ये ६१० वैद्यक, ६३० शेती. ६३०मध्ये ६३२ पिकांचे रोग, ६३३ शेतातली पिकं, ६३४ फळबागा. तासगावची द्राक्षं ६३४.८ला, ऊस ६३३.६१ला, पण उसाची साखर झाली की ती कारखान्यात जाते, ६६४.१ला. आणि तो कारखाना सहकारी कसा चालतो हे सांगणारं पुस्तक पार तिकडं ३३४ला. करप्याचं पुस्तक ६३२ला जाईल असं वाटतं ना? जात नाही. रोग एकाच पिकाचा असेल तर तो त्या पिकाच्या घरात राहतो. सगळ्या पिकांच्या रोगांचं एकत्र पुस्तक असेल तेवढंच ६३२ला.

छोट्या वाचनालयात तीन आकडे पुरतात. फार तर दशांशानंतर एक-दोन. पुस्तकाचा कणा बोटभर रुंद नाही आणि त्यावर आठ आकड्यांची चिठ्ठी, हा हौसेचा खेळ आहे.

ड्यूईची व्यवस्था डोळे मिटून घेऊ नका. त्याच्या २००मध्ये २२० ते २८० ख्रिस्ती धर्माला, आणि बाकीचं जग २९०मध्ये दाटीवाटीनं. सगळा हिंदू धर्म २९४.५ला. आमच्याकडे ज्ञानेश्वरीवरचीच दोन फळ्या भरतील एवढी पुस्तकं, ती एका दशांशात कशी कोंबायची? आम्ही २२०पासूनचे आकडे संतवाङ्मयाला दिले आणि भिंतीवर तसा कागद लावला. विद्यापीठाच्या ग्रंथालयात हे चालणार नाही, आमच्यात चालतं. दुसरी अडचण : मराठी व्याकरण ४९१.४६ला आणि मराठी साहित्य ८९१.४६ला. आकडे भावंडांसारखे, घरं गावाच्या दोन टोकांना. ती मात्र मी तशीच ठेवली. व्याकरण मागणारा दहावीचा असतो, त्याला कवितेच्या फळीशी घेणंदेणं नसतं.

पुस्तक दोन विषयांवरचं असेल तर? इथं एस. आर. रंगनाथन कामाला येतात. हे मूळचे गणिताचे प्राध्यापक, १९२४मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, आणि १९३३मध्ये त्यांची द्विबिंदू वर्गीकरण पद्धती छापली गेली. ते म्हणत, आधी विषयाचे पैलू सोडवा : मुख्य वस्तू, तिचं द्रव्य, तिच्यावरची क्रिया, स्थळ, काळ. त्यांचे वर्गांक आम्ही वापरत नाही, पण ही रीत फार उपयोगी. 'कोयना' या विषयावर तीन पुस्तकं होती. धरण कसं बांधलं, ते ६२७.८. ११ डिसेंबर १९६७चा भूकंप कसा झाला, ते ५५१.२२. धरणामुळे उठलेल्या गावांचं काय झालं, ते ३००मध्ये. तिन्हींत स्थळ एकच, पण पत्ता क्रियेनं ठरला. आणि एकाच पुस्तकात तिन्ही असेल तर पानं मोजा. जास्त पानं ज्याची, पत्ता त्याचा; उरलेल्या दोन ठिकाणी तालिकेत, म्हणजे पुस्तकांच्या कार्डांच्या यादीत, 'हेही पाहा' असं कार्ड टाका.

मला एकदा एका पोरीनं विचारलं, "एवढा कुटाणा कशाला? अ-आ-इ-ईनं लावा की." वाईत तयार झालेल्या मराठी विश्वकोशात नोंदी तशाच अकारविल्हे असतात. तिथं हळद 'ह'मध्ये, वाद मिटला. पण त्यासाठी तुम्हाला शब्द आधी माहीत हवा. ज्याला 'कंदकूज' हा शब्दच ठाऊक नाही, नुसता कुजका गड्डा हातात घेऊन आलाय, त्याला हळदीच्या फळीपुढं उभं करावं लागतं.

नाटकांत एक गफलत हमखास होते. नाटकाची संहिता ८००मध्ये, पण प्रयोग, नेपथ्य, रंगभूमीचा इतिहास ७९२ला. १८४३मध्ये विष्णुदास भाव्यांनी सांगलीत 'सीतास्वयंवर' केलं, त्याची हकिकत सांगणारं पुस्तक नाटकांच्या फळीवर नको.

काही पुस्तकं कुठंच बसत नाहीत. हरिपूरच्या पेवांवर कुणी तरी लिहिलेली पातळ पुस्तिका आमच्याकडे आहे. जमिनीखालच्या खड्ड्यांत हळद साठवायची पद्धत. शेती? बांधकाम? व्यापार? मी तिला तीनदा हलवलं. शेवटी 'आपला जिल्हा' अशी वेगळी फळी केली नि तिथं ठेवली. आता तिथं पंधरावीस पुस्तकं झालीत, पण 'इतर' ही पाटी मी पुन्हा लावू दिली नाही.

चिठ्ठी कण्याच्या खालच्या टोकापासून दोन बोटं वर चिकटवा, सगळ्यांची एका रेषेत. वरून पारदर्शक टेप. आणि मांडणी खालून तिसऱ्या फळीपासून सुरू करा. आमच्या कपाटांच्या खालच्या दोन्ही फळ्यांवर आता फक्त जुनी वर्तमानपत्रं असतात.