मॅक्रो लेन्सची पारख: आधी पट्टीजवळ, मग चेहऱ्यासमोर

मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून फोटो काढण्यासाठीची लेन्स हातात आली की बहुतेकजण एका फुलाचा फोटो काढतात, स्क्रीनवर मोठा करून बघतात आणि शार्प आहे म्हणून समाधान मानतात. या परीक्षेत जवळजवळ प्रत्येक मॅक्रो लेन्स पास होते. मधोमध असलेलं फूल एफ/८ ला (हा ॲपर्चरचा, म्हणजे लेन्समधल्या प्रकाशाच्या भोकाचा आकडा; तो मोठा तितकं भोक लहान) शार्प येणं ही अगदी किमान अपेक्षा झाली. मुद्दा वेगळाच आहे. वीतभर अंतरावर आणि दोन मीटरवर तीच लेन्स दोन निराळ्या लेन्सांसारखी वागते. म्हणून परीक्षा दोन घ्यायच्या आणि एकीचा निकाल दुसरीला लावायचा नाही.

सामान फारसं लागत नाही: मिलिमीटरच्या खुणा स्पष्ट असलेली स्टीलची पट्टी, ट्रायपॉड, बारीक टायपातलं वर्तमानपत्राचं पान, तळहाताएवढा सपाट आरसा, टॉर्च आणि अर्धा तास शांत बसू शकेल असं एक माणूस. फोटो रॉमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढा आणि कॅमेऱ्यातलं लेन्स करेक्शन बंद ठेवा, नाहीतर लेन्सचे दोष कॅमेराच झाकून टाकतो. ट्रायपॉडवर स्टॅबिलायझर बंद, शटर दोन सेकंदांच्या टायमरवर.

पट्टी काय सांगते

ऑटोफोकस बंद करा आणि रिंग जवळच्या टोकापर्यंत फिरवा. आता रिंगला हात न लावता कॅमेराच पुढे-मागे सरकवून पट्टी शार्प करा. फ्रेमच्या रुंदीत किती मिलिमीटर मावतात ते मोजा. फुल-फ्रेमवर (३६ मिमी रुंद सेन्सरवर) ३६ मिमी मावले तर लेन्स १:१ आहे, म्हणजे विषय सेन्सरवर खऱ्या आकाराएवढा उमटतो. एपीएस-सी सेन्सरवर हाच आकडा साधारण २३.५ (कॅननच्या कॅमेऱ्यांत साधारण २२.३) आणि मायक्रो फोर थर्ड्सवर १७.३. फुल-फ्रेमवर ७२ मिमी दिसले तर ती १:२, म्हणजे निम्मीच. झूम लेन्सवर ‘मॅक्रो’ असं छापलेलं असतं तिथे बऱ्याचदा १०० मिमीपेक्षा जास्त पट्टी दिसते. नावावर जाऊ नका. निकॉन तर खऱ्या मॅक्रो लेन्सलाही ‘मायक्रो’ म्हणते. उलट कॅननची आरएफ १०० मिमी एफ/२.८ एल १.४ पट जाते, म्हणजे जेमतेम २६ मिमी पट्टी फ्रेम भरते.

काहीही न हलवता लेन्सच्या पुढच्या कडेपासून पट्टीपर्यंतचं अंतर मोजा. रोजच्या वापरात सर्वांत महत्त्वाचा आकडा हाच, आणि माहितीपत्रकात नेमका तोच बहुधा नसतो. तिथे दिलेलं किमान फोकस अंतर सेन्सरपासूनचं असतं (कॅमेऱ्यावर वर्तुळातून आडवी रेघ गेलेली खूण असते, तिथून). १०० मिमीच्या लेन्सचं किमान अंतर ३० सेंमी लिहिलेलं असलं, तरी त्यातून कॅमेरा आणि लेन्सची लांबी वजा केली की पुढे १३-१५ सेंमीच उरतात. ५०-६० मिमीच्या बऱ्याच लेन्सांत तर १० सेंमीसुद्धा उरत नाहीत. मग लेन्सची सावली विषयावर पडते, कीटक उडून जातो, फ्लॅशचा प्रकाश आत शिरत नाही. हूड (लेन्सपुढची प्रकाश अडवणारी कड) काढला की काही सेंमी परत मिळतात, तेव्हा हूड लावून आणि काढून असं दोनदा मोजा. बाकीचे बरेच दोष संगणकावर थोडेफार सावरता येतात. हे अंतर वाढवता येत नाही.

जवळ गेल्यावर हरवणारा प्रकाश

१:१ ला लेन्स सुमारे दोन स्टॉप प्रकाश गमावते (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा). एफ/२.८ वर ठेवलेली लेन्स तिथे एफ/५.६ सारखी वागते. एकसारखा प्रकाश पडलेला पांढरा कागद आधी लांबून आणि मग १:१ ला भरून बघा. ॲपर्चर तेच असूनही शटर स्पीड किती खाली आला ते मोजा. निकॉनचे कॅमेरे जवळ गेल्यावर ॲपर्चरचा आकडा स्वतःच वाढवून दाखवतात, कॅननचे २.८ च दाखवत राहतात. त्यावरून एक लेन्स काळोखी आणि दुसरी उजेडी असा निष्कर्ष काढू नका.

याचा दुसरा परिणाम शार्पनेसवर होतो. १:१ ला एफ/१६ लावलं की डिफ्रॅक्शन (लहान भोकातून जाताना प्रकाश पसरून येणारा मऊपणा) एफ/३२ इतकं होतं. एफ/२.८ पासून एफ/२२ पर्यंत एकेक स्टॉपने पट्टीचे फोटो काढा आणि खुणांच्या कडा ताडून बघा. साधारणपणे एफ/५.६ ते एफ/८ सर्वांत शार्प, एफ/११ चालण्याजोगं, एफ/१६ ला मऊपणा जाणवतो आणि एफ/२२ ला तो डोळ्यांत भरतो. एफ/२.८ लाच कडा धूसर आणि दुधाळ दिसत असतील, तर जवळच्या कामात ते ॲपर्चर फक्त फोकस करण्यापुरतंच समजा.

आरशाची युक्ती

कोपरे तपासताना लेन्सपेक्षा माणसाची चूक जास्त वेळा सापडते. फुल-फ्रेमवर १:१ आणि एफ/२.८ ला डेप्थ ऑफ फील्ड (शार्प दिसणाऱ्या पट्ट्याची खोली) मिलिमीटरचा तिसरा हिस्सा इतकीच असते. कॅमेरा पानाला एका अंशाने तिरका असला तरी फ्रेमची डावी-उजवी कड त्या पट्ट्याबाहेर पडते आणि दोष लेन्सवर येतो.

वर्तमानपत्र सपाट चिकटवा आणि त्यावर आरसा ठेवा. रिंग फिरवून आरशात लेन्सचं स्वतःचंच प्रतिबिंब शार्प करा. प्रतिबिंबातल्या लेन्सचं वर्तुळ फ्रेमच्या बरोबर मध्यावर आलं की कॅमेरा पानाला काटकोनात आहे. मग आरसा काढा, रिंग पुन्हा जवळ आणा आणि मधल्या अक्षरावर फोकस करा.

चारही कोपऱ्यांतली अक्षरं शेजारी-शेजारी लावून बघा. चारही सारखेच थोडे मऊ असतील तर एकदा कोपऱ्यावर फोकस करून फोटो घ्या. कोपरा शार्प झाला आणि मध्य मऊ पडला, तर फोकसचं प्रतल सपाट नसून वाटीसारखं वक्र आहे. पानं, नकाशे, तिकिटं यांच्या नकलांसाठी हे वाईट. कीटकांसाठी फारसं बिघडत नाही. एकच कोपरा सारखा मऊ येत असेल तर मात्र आतली एखादी काच मध्यापासून सरकलेली असू शकते. कॅमेरा उलटा धरून (आरशाची जुळणी पुन्हा करून) तोच प्रयोग करा. मऊपणा फ्रेमच्या त्याच कोपऱ्यात राहिला तर दोष कॅमेऱ्याचा किंवा लेन्सचा. पानाच्या त्याच कोपऱ्यात राहिला तर पान सपाट नव्हतं. लेन्सचाच दोष ठरला तर ती परत करा, वापरून तो जात नाही.

पट्टी ४५ अंशांत

आता पट्टी तिरकी टेकवा आणि मधल्या एका खुणेवर एफ/२.८ ला फोकस करा. फोकसच्या अलीकडच्या खुणांना जांभळट-गुलाबी आणि पलीकडच्यांना हिरवट कड दिसली, तर ते लेन्सच्या अक्षाच्या दिशेचं रंगविचलन (वेगवेगळे रंग वेगवेगळ्या अंतरावर फोकस होणं). दागिने, पाण्याचे थेंब, धातूच्या कडा अशा चकाकत्या विषयांत हे रंग फार त्रास देतात, आणि फ्रेमच्या कडेला दिसणाऱ्या रंगीत रेघांसारखे ते एका क्लिकमध्ये जात नाहीत. ॲपर्चर एफ/५.६ केल्यावर किती कमी होतात ते नोंदवून ठेवा.

फोकसला हात न लावता एफ/४ आणि एफ/५.६ लाही फोटो घ्या. शार्प पट्ट्याचा मध्य खुणेवरून मागे सरकत असेल तर लेन्सला फोकस शिफ्ट आहे. काचेच्या कडेकडून येणारे आणि मधून येणारे किरण एकाच जागी मिळत नाहीत. ॲपर्चर लहान केलं की कडेचे किरण अडतात आणि फोकसची जागा बदलते. उपाय साधा आहे: ज्या ॲपर्चरला फोटो काढायचा त्यालाच फोकस करा.

आता चेहरा

मॅक्रो लेन्सची फोकसची वाट लांब असते. ऑटोफोकस चुकला की लेन्स जवळच्या टोकापासून लांबच्या टोकापर्यंत सगळी फेरी मारून येते. म्हणून फोकस लिमिटरचं (फोकस किती अंतरात शोधायचा ते ठरवणारं) बटण आहे का ते आधी बघा आणि पोर्ट्रेटसाठी ते लांबच्या पल्ल्यावर ठेवा. माणसाला दोन मीटरवर बसवा आणि जवळच्या डोळ्यावर फोकस करा. मग दुसऱ्या अंतरावरच्या वस्तूवर जाऊन परत डोळ्यावर या, असं दहा वेळा. दहापैकी किती फोटोंत पापण्यांचे केस सुटे दिसतात ते मोजा. १०० मिमी, एफ/२.८ आणि दोन मीटर या हिशेबात फुल-फ्रेमवर सुमारे साडेसहा सेंमी शार्प मिळतात. चेहरा वळला तर दोन्ही डोळे जेमतेम मावतात. त्यामुळे ऑटोफोकस थोडा हुकला तरी लगेच दिसतं.

बॅकग्राउंड तपासायला माणसाच्या मागे तीन-चार मीटरवर छोट्या दिव्यांची माळ लावा. वर्तुळांच्या कडेला ठळक रेघ आहे का, आत कांद्यासारखी वलयं आहेत का, एफ/४ आणि एफ/५.६ ला वर्तुळं गोल राहतात की कोन दिसायला लागतात, हे बघा. पुढे पानं-फांद्यांवर करा; बारीक फांद्या दुहेरी दिसत असतील तर ते बॅकग्राउंड चेहऱ्यामागे खटकतं.

त्वचेचं प्रत्येक छिद्र दिसलं म्हणून लेन्सला नावं ठेवू नका. बाजूने येणाऱ्या कडक प्रकाशात छिद्रं उठून दिसतातच. रॉमधलं शार्पनिंग शून्यावर आणा, प्रकाश मोठा आणि मऊ करा, मग मत बनवा.

हातात धरून वापरणार असाल तर स्टॅबिलायझरही दोन्ही अंतरांवर तपासा. १:१ ला कॅमेरा सरकण्याचा परिणाम फार मोठा होतो. कॅननच्या २००९ च्या ईएफ १०० मिमी एल लेन्सला लांबच्या विषयांत चार स्टॉपचा फायदा सांगितला होता, १:१ ला दोनच. पुढे-मागे होणारी डुलणी कुठलाच स्टॅबिलायझर थांबवत नाही.

वापरलेली लेन्स

मागून टॉर्च मारून पुढून तिरकं बघा. धूळ असली तर काळजी नको. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू म्हणजे बुरशी, आणि एकसारखा धुरकटपणा म्हणजे काचेवर बसलेला थर. या दोन्हींपासून दूर राहा. ॲपर्चर सर्वांत लहान ठेवून पात्यांवर तेलाची चकाकी आहे का बघा. पाती चिकटत असतील तर सलग फोटोंत उजेड कमी-जास्त येतो. फोकस करताना जिचं नळकांडं लांबतं अशी जुनी लेन्स असेल तर ते पूर्ण बाहेर काढा, लेन्स जमिनीकडे तोंड करून एक मिनिट धरा आणि मग हळूच वरखाली करून बघा. नळकांडं डुगडुगत असेल किंवा आपोआप सरकत असेल, तर १:१ ला लावलेला फोकस शटर उघडेपर्यंत टिकणार नाही.