नव्यानं बांधलेल्या बोटीच्या इंजिनात पहिलं तेल कोणतं ओतावं?

तेलाचा ब्रँड नंतर. आधी सांगा, कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) कोणता बसवलाय? त्यावर टेकणारे टॅपेट सपाट तळाचे की रोलरचे? पहिल्या तेलाची निम्मी निवड इथेच होते.

माझं पहिलं व्ही-८ इंजिन मी दोन हिवाळे खपून बांधलं. बेअरिंगचा क्लिअरन्स, म्हणजे फट, तीन-तीनदा मोजला आणि तेल मात्र कपाटात होतं तेच ओतलं, गाडीचं ५डब्ल्यू-३० (हा ग्रेड, म्हणजे तेलाच्या जाडीचा आकडा). वीस मिनिटांत टकटक सुरू झाली. खोललं तर कॅमचे दोन लोब, म्हणजे टॅपेट उचलणारे उंचवटे, झिजून बोथट झालेले आणि त्यांचा भुगा तेलाबरोबर थेट बेअरिंगांपर्यंत पोहोचलेला. सगळं इंजिन पुन्हा उघडावं लागलं. त्या दिवसाचं दुःख अजून आठवतं, म्हणून हे लिहितोय.

सपाट टॅपेट लोबवर घासत चालतो. चिंचोळ्या पट्टीवर व्हॉल्व्ह स्प्रिंगचा सगळा दाब येतो आणि तिथे नुसतं तेल टिकत नाही. तेलातला झेडडीडीपी, म्हणजे झिंक आणि फॉस्फरसचं संयुग, धातूवर पातळ थर धरतो आणि तोच लोबला वाचवतो. पण गाडीचा धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला फॉस्फरस मारक. त्यामुळे इंजिन तेलाच्या २००४ च्या एपीआय एसएम दर्जापासून ५डब्ल्यू-३०, १०डब्ल्यू-३० अशा ग्रेडमध्ये तो ८०० पीपीएमच्या (दहा लाखांत ८०० भाग) आत ठेवावा लागतो. रोलर कॅमला तेवढा पुरतो, नव्या सपाट टॅपेटला नाही. मी १२०० ते १५०० पीपीएम झिंक असलेलं ब्रेक-इन ऑइलच, म्हणजे नवं इंजिन रुळवायचं तेल, घेतो आणि डेटा शीटवर आकडा दिला नसेल तर ते तेल घेत नाही. झिंकची वेगळी बाटली अंदाजानं ओतू नका. झिंक फार वाढलं की तेच धातू खायला लागतं.

पिस्टनच्या रिंगांसाठी मिनरल तेल, फ्रिक्शन मॉडिफायर (घर्षण कमी करणारं रसायन) नसलेलं. सिलिंडर घासताना (होनिंग) उमटलेल्या तिरक्या रेघांवर रिंगा थोड्या घासल्या तरच त्या बसतात.

ग्रेडच्या बाबतीत बोट आणि गाडी यांत फार फरक आहे. बोटीला उतार नसतो. इंजिन कायम चढ चढत असल्यासारखं ओढत राहतं. म्हणून परफॉर्मन्स इंजिनात क्लिअरन्स थोडा सैल ठेवतात आणि तेल जाड लागतं: १५डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५०. नेमकं कोणतं, ते ज्यानं क्रँक आणि बेअरिंग मोजून बसवलं त्याला विचारा. त्यातून बाहेरच्या पाण्यावर थंड होणारं इंजिन ६०–७० अंशांवरच चालतं. तेलात उतरलेलं पेट्रोल आणि ओलावा नीट उडून जात नाही, तेल लवकर पातळ होतं.

सुरू करण्याआधी लोबवर मॉलिब्डेनमची पेस्ट लावा, ड्रिलनं ऑइल पंप फिरवून गेजवर प्रेशर आलेलं बघा, व्हॉल्व्हला दुहेरी स्प्रिंग असतील तर आतली काढून ठेवा. इग्निशन टायमिंग आणि पेट्रोल आधीच तयार हवं, कारण इंजिन पेटलं की आयडलवर, म्हणजे मंद वेगावर, सोडायचंच नाही. लगेच २००० आरपीएम, मग २००० ते २५०० मध्ये खालीवर करत वीस ते तीस मिनिटं. सपाट टॅपेटला तेल मिळतं ते मुख्यतः क्रँकनं उडवलेल्या शिंतोड्यांतून आणि आयडलला ते पुरेसे उडत नाहीत. मी हे बोट पाण्यात बांधून, न्यूट्रलमध्ये करतो. बोट जमिनीवर ठेवून इंजिन थंड करायला दिलेलं पाइपचं पाणी या वेगाला अपुरं पडू शकतं आणि पाण्याच्या पंपाचा रबरी इम्पेलर (पात्यांचं चक्र) कोरडा फिरला तर बघता बघता जळतो.

मग गरम असतानाच तेल काढा. फिल्टर कापून त्याच्या घड्या उलगडा आणि उजेडात चुंबक फिरवा. करडी बारीक पूड चालेल. चमकते तुकडे दिसले तर थांबा आणि कॅम तपासा. तेल दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय, ते कुठून आलं हे सापडत नाही तोवर पुढे जाऊ नका.

सगळं ठीक असेल तर काढलेल्या स्प्रिंग परत बसवून पुन्हा तेच ब्रेक-इन तेल भरा आणि बोट लोडवर चालवा: वेग वाढवा, सोडा, पुन्हा वाढवा. पाच तासांनी ते बदलून एफसी-डब्ल्यू (बोटीच्या फोर-स्ट्रोक इंजिनासाठीच्या तेलाचा) दर्जाचं २५डब्ल्यू-४० मिनरल मरीन ऑइल. सिंथेटिक हवंच असेल तर पंचवीस तासांनंतर. आणि ब्रेक-इन तेलावर बोट महिनोन्महिने उभी ठेवू नका. एफसी-डब्ल्यू तेलाची गंजरोधाची चाचणी झालेली असते, ब्रेक-इन तेलाची बहुधा नसते.