उपमा की उत्प्रेक्षा? अलंकार ओळखायची रीत

'सारखा', 'प्रमाणे' दिसलं की उपमा, 'जणू', 'वाटतं' दिसलं की उत्प्रेक्षा, हा गाइडांतला मंत्र आधी विसरा. 'तो सारखा बोलतो' यात कसली आलीय उपमा? 'सांगितल्याप्रमाणे केलं', 'मला वाटतं, पाऊस येईल' यांतही अलंकार नाही. जुन्या कवितेतला 'परी' तर कधी 'प्रमाणे' असतो, कधी सरळ 'पण'.

सुरुवात शब्द बदलून करा. 'काकूने काकांना काकडी कापून दिली' यात 'कापून'च्या जागी 'चिरून' घातलं की गंमत उतरते. म्हणजे शब्दालंकार, इथे अनुप्रास (एकच अक्षर पुन्हा पुन्हा येणं). शब्द बदलूनही गंमत टिकली तर अर्थालंकार.

मग उपमेय (ज्याचं वर्णन चाललंय ते) आणि उपमान (ज्याची उपमा दिली ते) अधोरेखित करा.

घोळ होतो तो पुढे, दोघांचं नातं ठरवताना. एकच जोडी धरून बघा: धुकं आणि कापूस. 'धुकं कापसासारखं मऊ दिसतंय': दोन वस्तू वेगळ्याच, फक्त साम्य सांगितलंय. उपमा. 'धुकं म्हणजे जणू कापूसच': धुकं कापूस असावं अशी कल्पना केली. उत्प्रेक्षा. 'दरीभर धुक्याचा कापूस पसरलाय': कल्पनाही उरली नाही, दोन्ही एकच झाले. रूपक. 'हे धुकं नव्हे, कापूसच': उपमेय चक्क नाकारलं. अपन्हुती. 'कापसाहून हलकं धुकं' म्हटलं की उपमेय वरचढ, म्हणून व्यतिरेक.

सर्वाधिक गुण जातात ते अपन्हुती, ससंदेह आणि भ्रांतिमान यांत. इथे एकच विचारा: फसलंय कोण? अपन्हुतीत कुणीच नाही; बोलणारा जाणूनबुजून नाकारतो. 'हे धुकं की कापूस?' असा निर्णय लटकला तर ससंदेह. 'घरट्यासाठी कापूस समजून चिमणी धुक्यात चोच मारू लागली' यात चिमणी खरोखर फसली आणि तशी वागलीही, हा भ्रांतिमान. नुसतं 'नव्हे' किंवा 'की' शोधणारा इथे हमखास आपटतो.

आणखी एक: 'धाकटा थोरल्यासारखाच उंच आहे' ही तुलना आहे, उपमा नाही. त्यात चमत्कृतीच (कल्पनेची गंमत) नाही.

एका वाक्यात दोन अलंकारही असतात. 'धुक्याची दुलई ओढून डोंगर झोपलाय' यात दुलई हे रूपक, झोपलेला डोंगर ही चेतनगुणोक्ती (निर्जीव वस्तू सजीवासारखी वागते असं दाखवणं). परीक्षेत ज्याखाली रेघ असेल, त्याचंच उत्तर लिहा.