जुन्या लेथची ओळख आणि वय कसे ठरवावे

जुने लेथ मशीन (धातूचा तुकडा फिरवत ठेवून हत्याराने त्याला आकार देणारे यंत्र) समोर आले की बहुतेकांची नजर आधी मोटारीवर जाते आणि अंदाज तिथूनच चुकू लागतो. कित्येक वर्षे राबलेल्या मशीनची मोटार, चक (घडवायचा तुकडा पकडणारा भाग), टूलपोस्ट (हत्यार धरणारा भाग), प्रसंगी टेलस्टॉकसुद्धा (तुकड्याच्या दुसऱ्या टोकाला आधार देणारा भाग) बदललेला असतो. मूळचा राहण्याची सर्वांत जास्त शक्यता बिडाच्या बेडची, म्हणजे बाकीचे भाग ज्यावर बसतात त्या लांब पायाची असते. म्हणून सुरुवात बेडपासून करावी आणि बाकीचे भाग त्याच्याशी जुळतात का, हे मागाहून पाहावे.

अनुक्रमांक बऱ्याचदा बेडवरच ठोकलेला असतो. साउथ बेंड या अमेरिकी कंपनीच्या लेथवर तो टेलस्टॉककडच्या टोकाला, वरच्या बाजूस, पुढच्या गाइडवेजवळ (बेडवरच्या सरकपट्टीजवळ) सापडतो. पण त्या जागी वाळलेले तेल आणि धातूचा चुरा यांचा काळा थर साचलेला असतो. तो रॉकेलच्या फडक्याने भिजवून लाकडी चिपेने काढावा. पॉलिश पेपर किंवा तारेचा ब्रश तिथे कृपा करून लावू नका, कारण उथळ ठसा एकदा घासला गेला की तो कायमचा गेला. टॉर्च बेडला जवळजवळ टेकवून आडवा उजेड पाडला, की सुटे ठसे एकेक करून ठोकल्यामुळे किंचित वरखाली झालेले अंक उठून दिसतात. 3 की 8 असा संशय आला, तर पातळ कागद ठेवून वरून पेन्सिल घासावी. अंकांच्या मागेपुढे असलेली अक्षरेही टिपून घ्यावीत.

पाटीवरचे नाव नेहमी बनवणाऱ्याचेच असते असे नाही. सिअर्स या अमेरिकी विक्रेत्या कंपनीने क्राफ्ट्समन नावाने विकलेली अनेक लेथ अमेरिकेतील कॅलमझू शहरातल्या अ‍ॅटलस कंपनीने बनवलेली होती, आणि त्यांचा मॉडेल क्रमांक 101 ने सुरू होतो.

पाटीवरचा पत्ता मला सर्वांत बोलका वाटतो. अमेरिकी शहराच्या नावापुढे एक-दोन आकडी टपाल विभाग असेल, तर पाटी 1943 ते 1963 या काळातली समजावी. पाच आकडी झिप कोड 1963 मध्ये आला. पेटंट क्रमांकही असाच उपयोगी पडतो: अमेरिकेत दहा लाखावे पेटंट 1911 मध्ये, वीस लाखावे 1935 मध्ये आणि तीस लाखावे 1961 मध्ये दिले गेले. मात्र सर्वांत अलीकडचे पेटंट एवढेच सांगते की मशीन त्याआधीचे नाही. त्यानंतर किती वर्षांनी ते बनले, हे त्यावरून कळत नाही. वॉर प्रॉडक्शन बोर्डाचा (दुसऱ्या महायुद्धात उत्पादनावर नियंत्रण ठेवणारे अमेरिकी सरकारी मंडळ) उल्लेख असलेली पट्टी 1942 ते 1945 दरम्यानची असते.

रचनेवरून काळ ठरवताना जपून राहावे. नॉर्टनच्या क्विक-चेंज गिअरबॉक्सचे (दांडा सरकवून गिअर बदलणारी पेटी) पेटंट 1892 चे आहे, तरीही 1946 मध्ये आलेल्या मायफोर्ड या ब्रिटिश कंपनीच्या एमएल7 लेथला हाताने काढून बदलायचे सुटे चेंज गिअरच होते. तेव्हा गिअरबॉक्स नाही म्हणून लेथ फार जुने ठरत नाही. मापाचीही गल्लत होते. ब्रिटिश पद्धतीत सेंटरची उंची (बेडपासून फिरण्याच्या अक्षापर्यंतची) सांगतात, अमेरिकी पद्धतीत फिरू शकणाऱ्या कामाचा व्यास. म्हणून साडेतीन इंची एमएल7 अमेरिकी हिशेबाने सात इंची होते.

दोन खुणा परस्परांशी जुळल्या नाहीत, तर पाटीच्या कडा भिंगातून पाहाव्यात: रिव्हेटच्या जागी स्क्रू असतील किंवा शेजारी बुजवलेली जुनी भोके दिसत असतील, तर ती पाटी दुसऱ्या मशीनवरून आलेली असू शकते, आणि अशा वेळी बेडवरचा क्रमांकच प्रमाण धरावा.