ओपीडीतला काठावरचा बीपी: मोजायचा कसा, मोजदाद कशी करायची

केसपेपरवर सगळ्यात जास्त वेळा दिसणारा बीपी कुठला, तर १२०/८०. सर्दीवाला असो, दाखल्याला आलेला असो, आकडा ठरलेला. अमेरिकेतल्या, उच्चरक्तदाबावरच्या जेएनसी-७ समितीने २००३ साली वरचा १२० ते १३९ किंवा खालचा ८० ते ८९ या पट्ट्याला ‘प्रीहायपरटेन्शन’, म्हणजे पूर्व-उच्चरक्तदाब, असं नाव दिलं. त्या हिशेबाने ‘नॉर्मल’ समजून सवयीने लिहिलेला प्रत्येक १२०/८० काठावरच्या रुग्णांत जमा होतो. जुने केसपेपर काढून आपल्या दवाखान्यात काठावरचे किती याची टक्केवारी काढायला बसलात, तर हाती येईल ती लिहिणाऱ्याच्या सवयीची टक्केवारी. त्यामुळे जुने कागद बाजूला ठेवा आणि तीन-चार महिन्यांची नवी नोंद सुरू करा.

आधी व्याख्या पक्की करा. जेएनसी-७ वापरायची तर दोन्ही आकड्यांपैकी जो वरच्या गटात जातो तो गट धरायचा. ११८/८४ काठावरचा, १३६/७६ काठावरचा, पण १३८/९२ सरळ उच्चरक्तदाब. संगणकात भरताना ‘किंवा’च्या जागी ‘आणि’ पडलं की पहिले दोन्ही रुग्ण नॉर्मलमध्ये जातात. ही चूक इतक्या वेळा होते की पहिले वीस रुग्ण हाताने तपासूनच पुढे जावं. अमेरिकेने २०१७ मध्ये ‘प्रीहायपरटेन्शन’ हा शब्दच सोडला आणि १३०/८० पासून पुढे उच्चरक्तदाब धरला. इंटरनॅशनल सोसायटी ऑफ हायपरटेन्शनच्या २०२० च्या सूचनांत काठावरचा पट्टा १३०–१३९ किंवा ८५–८९ आहे, तर २०२४ च्या युरोपीय सूचनांत तो १२०–१३९ किंवा ७०–८९ आहे. त्याच रुग्णांची टक्केवारी व्याख्येप्रमाणे कुठल्या कुठे जाते. म्हणून वहीत ‘काठावर’ असा शिक्का लिहू नका, आकडेच लिहा. गट नंतर कधीही पाडता येतात.

जेएनसी-७ चा पट्टा वापरलात तरी १२०–१२९/८०–८४ आणि १३०–१३९/८५–८९ असे दोन भाग वेगळे मोजा. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावच्या लोकांवरच्या, २००१ साली छापलेल्या अभ्यासात ३५ ते ६४ वयाच्या लोकांपैकी वरच्या भागातल्या सुमारे ३७ टक्क्यांना चार वर्षांत उच्चरक्तदाब झाला, खालच्या भागातल्या सुमारे १८ टक्क्यांना, आणि १२०/८० च्या खाली असलेल्यांपैकी फक्त ५ टक्क्यांना. दोन्ही भाग एकत्र केले की ज्याच्या मागे लागायला हवं तोच रुग्ण गर्दीत हरवतो.

कोणाला धरायचं

अठरा पूर्ण झालेले सगळे. वगळायचे ते गरोदर बाया, ताप किंवा जोराच्या वेदना घेऊन आलेले, आणि स्टेरॉइड चालू असलेले. दाढ ठणकणाऱ्या माणसाचा बीपी दाढेचा असतो. आधीच बीपीची गोळी चालू असलेल्यांना मोजा, पण वेगळ्या रकान्यात. गोळीमुळे १२८/८२ आलेला माणूस काठावरचा नव्हे. शेवटी टक्केवारी दोन प्रकारे द्या: सगळ्या प्रौढ रुग्णांत किती, आणि बीपीचं निदान नसलेल्यांत किती. छेद, म्हणजे कितीजणांपैकी, हे न सांगता नुसते ‘४० टक्के’ लिहिलं तर वाचणाऱ्याला काहीच कळत नाही.

रुग्ण डॉक्टरांनी निवडायचे नाहीत. केसपेपर नंबरप्रमाणे प्रत्येक तिसरा किंवा पाचवा घ्या, सकाळची आणि संध्याकाळची ओपीडी दोन्ही घ्या, बाजारचा दिवस सोडू नका, कारण त्या दिवशी लांबच्या वाड्यावस्त्यांवरची माणसं येतात. नोंदीवर महिना हवाच. थंडीत बीपी काही मिलिमीटर (पाऱ्याचे, बीपी त्यातच मोजतात) चढतो, उन्हाळ्यात उतरतो. विदर्भातल्या मे महिन्याची जानेवारीशी तुलना करू नये. संख्येचं म्हणाल, तर नेमका अंदाज नसताना प्रमाण ५० टक्के धरून, ५ टक्के इकडेतिकडे चालेल असं ठरवून, ९५ टक्के खात्रीसाठी ३८५ माणसं लागतात. अर्धवट कागद निघणारच, तेव्हा सव्वाचारशे ते साडेचारशे धरा. एक मात्र लक्षात ठेवा, ही टक्केवारी दवाखान्यात येणाऱ्यांची असते, गावाची नव्हे.

मोजणी

सगळा खेळ ५–१० मिलिमीटरचा आहे आणि प्रत्येक हलगर्जी तेवढाच फरक पाडते.

एक कोपरा ठरवा: पाठीची खुर्ची आणि शेजारी टेबल. दवाखान्यातलं गोल स्टूल इथे नको. पाठ टेकलेली नसली की खालचा आकडा ५–६ ने वाढतो, आणि ७६ चा ८२ व्हायला तेवढं पुरतं. पाय जमिनीवर सपाट, मांडी किंवा तंगडीवर तंगडी नाही. लघवीला जाऊन आलेला असावा. गेल्या अर्ध्या तासात चहा, विडी, तंबाखू, मिश्री काही नको. एसटीतून उतरून जिना चढून आलेला असेल तर आधी बसू द्या. मग पाच मिनिटं गप्प. ‘कुठनं आलात, पाऊस आहे का तिकडं’ या गप्पा सिस्टरनी आवरायच्या, कारण बोलण्याने वरचा आकडा सहज दहाने चढतो. मीठ, तंबाखू, घराणं असे जोखमीचे प्रश्नही याच कारणाने मोजणी झाल्यावर विचारायचे.

दंड टेबलावर, कफचा (दंडाला गुंडाळायच्या फुगणाऱ्या पट्ट्याचा) मध्य छातीच्या मध्याच्या उंचीला. हात दहा सेंटिमीटर खाली लोंबला तर ७–८ मिलिमीटर जास्त येतात. कफ कपड्यावर बांधायचा नाही, आणि ब्लाउजची घट्ट बाही वर सरकवून तर मुळीच नाही, कारण तिचा दंडाला फास बसतो. बाही घट्ट असेल तर आडोसा करून हात बाहीतून बाहेर काढायला लावा. त्यासाठी एक पडदा आणि एक ओढणी कोपऱ्यात असू द्या.

कफचं माप हा बहुतेक दवाखान्यांतला सर्वांत मोठा दोष, कारण कफ एकच असतो. खांदा आणि कोपर यांच्या मधोमध दंडाचा घेर टेपने घ्या. कफच्या आतल्या रबरी पिशवीची लांबी घेराच्या सुमारे ८० टक्के आणि रुंदी ४० टक्के हवी. साधारण २२–२६ सेंटिमीटर घेराला लहान, २७–३४ ला नेहमीचा, ३५–४४ ला मोठा कफ. जाड दंडाला लहान कफ लावला की बीपी खोटा वाढतो. रोजंदारीवर जाणाऱ्या बारीक बाईच्या २१ सेंटिमीटरच्या दंडाला नेहमीचा कफ लावला की खोटा उतरतो. म्हणजे चुकीच्या कफमुळे लठ्ठपणा आणि बीपी यांचं नातं आहे त्यापेक्षा मोठं दिसतं. लहान आणि मोठा कफ विकत घ्या. घेर वहीत लिहा.

पहिल्या भेटीत दोन्ही हातांवर मोजा, ज्या हातावर जास्त येईल तो पुढे कायम. मग मिनिटामिनिटाच्या अंतराने तीन वेळा. पहिली नोंद लिहायची पण सरासरीत धरायची नाही. दुसरी-तिसरीची सरासरी घ्यायची. एका रुग्णाला बसण्यासकट नऊ-दहा मिनिटं जातात. तेवढी फुरसत नसेल तर दिवसाला आठच माणसं घ्या.

यंत्र तपासून प्रमाणित झालेलं, दंडावरचं डिजिटल असावं, मनगटावरचं नको. नाडी अनियमित लागली तर डिजिटलवर विसंबू नका, कानाने ऐका. कानाने ऐकताना आधी मनगटाची नाडी बंद होईपर्यंत फुगवा, त्यावर २०–३० चढवा आणि सेकंदाला २ मिलिमीटर या गतीने सोडा. १८० वरून ७० वर यायला जवळजवळ मिनिट लागतं. दहा सेकंदांत भस्सकन सोडलं की वरचा आकडा कमी आणि खालचा जास्त येतो. पहिला ठोका तो वरचा, आवाज पूर्ण बंद होतो तो खालचा.

दर दोनशे नोंदींनंतर शेवटचे अंक मोजा. डिजिटलवर ० ते ९ प्रत्येक अंक साधारण वीस वेळा यायला हवा. शून्य साठ वेळा आलं असेल तर कुणीतरी यंत्राकडे न बघता लिहितंय. काट्याच्या यंत्रावर खुणा दोन-दोनच्या, म्हणून तिथे फक्त सम अंक. वाचलेल्या आकड्यात १२७ सापडला तर तो यंत्रावरचा नव्हे.

जोखीम विचारायची कशी

‘मीठ जास्त खाता का?’ याला महाराष्ट्रभर एकच उत्तर: ‘नाही, बेताचंच.’ त्याऐवजी विचारा, मिठाची किलोची पिशवी किती दिवस पुरते आणि घरात जेवणारी तोंडं किती. चौघांना पंचवीस दिवस पुरली तर माणशी रोज १० ग्रॅम झाले. यात वाया गेलेलं थोडं असतं; उलट फरसाण, पापड, विकतचं लोणचं, वडापाव, सुके बोंबील यांतलं मीठ धरलेलंच नसतं, म्हणून ते आठवड्यातून किती वेळा हे वेगळं लिहा. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा रोज ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सगळं मिळून एक चहाचा चमचा. आणि हो, चक्कर आली की ‘बीपी लो झाला’ म्हणून मीठ-साखरेचं पाणी पिणारे किती, हेही विचारून बघा.

बायांना ‘तंबाखू खाता का’ विचारलं तर नाहीच म्हणतील. ‘दात कशाने घासता, दिवसातून किती वेळा’ असं विचारलं की मिश्री निघते, आणि तीन-चार वेळाही निघते. दारूचा प्रश्न नवऱ्याला बायकोसमोर आणि तरण्या पोराला बापासमोर विचारू नका.

घराण्याबद्दल ‘कुणाला बीपी आहे का’ पुरत नाही. ‘आई, वडील, सख्खी भावंडं यांपैकी कुणाची रोजची बीपीची गोळी, कुणाला लकवा?’ असं नेमकं विचारा. मेडिकलमधून घेतलेली अंगदुखीची गोळी, सर्दीचं औषध, गर्भनिरोधक गोळ्या ही तिन्ही बीपी चढवू शकतात. साखर, मूत्रपिंडाचा आजार, जोरात घोरणं आणि दिवसा पेंगणं यांचेही रकाने ठेवा.

कंबर मोजायची ती शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, साधा श्वास सोडल्यावर, कपड्याखालून. साडीवरून मोजलं तर निऱ्याच मोजल्या जातात. पुरुषांत ९० आणि बायांत ८० सेंटिमीटरच्या पुढे धोका. बीएमआयला (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) आपल्याकडे २३ पासून जादा वजन आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात. पाश्चात्त्य ३० ची रेघ लावली तर कितीतरी जोखमीचे रुग्ण सुटतील.

गणित

समजा निदान नसलेल्या, उच्चरक्तदाबही नसलेल्या २४० जणांत १२० काठावरचे निघाले. कंबर मोठी असलेले १०६, त्यांत काठावरचे ६६, म्हणजे ६२ टक्के. कंबर आटोक्यात असलेले १३४, त्यांत ५४, म्हणजे ४० टक्के. प्रमाण दीडपटीहून थोडं जास्त. हेच ‘ऑड्स रेशो’ने, म्हणजे दोन्ही गटांत काठावरचे भागिले नसलेले असं काढून त्यांची तुलना केली, तर २.४ येतं आणि लोक ते ‘अडीचपट धोका’ म्हणून सांगतात. स्थिती इतकी सर्रास असताना ऑड्स रेशो फुगतो; प्रमाणांची साधी तुलनाच द्या. मग चाळिशीच्या आतले आणि पुढचे वेगळे करून पुन्हा तेच गणित करा, कारण वयाबरोबर कंबरही वाढते आणि बीपीही.

कधी उलटा निकाल येतो: कमी मीठ खाणाऱ्यांतच काठावरचे जास्त. घाबरू नका. कुणीतरी पूर्वी ‘जरा वाढलाय’ म्हटल्यामुळे त्यांनी मीठ कमी केलेलं असतं. ‘मीठ कधी मुद्दाम कमी केलं का, केव्हा?’ हा प्रश्न आधीच कागदावर असेल तर हे धागे सुटतात. एकाच वेळच्या पाहणीतून कारण काय नि परिणाम काय हे सांगता येत नाही. निष्कर्ष छापायचे असतील तर नैतिकता समितीची परवानगी पहिला रुग्ण तपासण्याआधी घ्या, नंतर मिळत नाही.

सापडलेल्या रुग्णाचं काय

एका दिवसाच्या मोजणीवर ठसा मारू नका. आणखी एखाद्या दिवशी परत बोलवा. रुग्ण विचारतो, ‘म्हणजे मला बीपी आहे का?’ उत्तर द्या: ‘नाही. पण काठावर आहात. गोळी नको, वर्षातून एकदा मोजायला या.’ १३० च्या पुढचा असेल तर तीन-सहा महिन्यांनी बोलवलेलं बरं. साखर, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असलेल्याचा वरचा आकडा १३०–१३९ असेल तर मात्र हा हिशेब बदलतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या सूचनांत अशांना औषध सुचवलेलं आहे, म्हणून त्यांची यादी त्याच दिवशी डॉक्टरांपुढे गेली पाहिजे.

बाकीच्यांना एकावेळी एकच गोष्ट सांगा. वजन जास्त असेल तर वजन. किलोमागे साधारण एक मिलिमीटर उतरतो. नाहीतर मीठ: ताकात, भातावर, कोशिंबिरीवर वरून घ्यायचं बंद, आणि किलोची पिशवी चाळीस दिवस पुरवून दाखवा. हे घरात स्वयंपाक करणाऱ्या बाईला सांगायचं, नुसतं रुग्णाला सांगून उपयोग नाही. परत बोलवण्याची तारीख केसपेपरवर लिहून देऊ नका, केसपेपर हरवतो. ती आपल्या वहीत, महिन्यावार पानावर, दोन फोन नंबरांसह लिहा. त्यातला एक नंबर घरातल्या दुसऱ्या कुणाचातरी असावा.