सी मध्ये इफ-एल्स आणि लॉजिकल ऑपरेटर : कंपाइल होतं पण उत्तर चुकतं, या चुका टाळा

प्रोग्राम कंपाइल झाला, एकही एरर नाही, रन पण झाला, आणि १२ मार्क टाकले तरी स्क्रीनवर "पास" येतंय. सी शिकायला लागलेल्यांचा सगळ्यात जास्त वेळ अशाच गोष्टीत जातो, कारण एरर आली तर निदान लाइन नंबर तरी मिळतो, इथे काहीच मिळत नाही आणि मग मुलं अख्खा प्रोग्राम खोडून परत लिहायला घेतात. तसं करू नका. यातल्या चुका ठरलेल्या आहेत, त्या ओळखता आल्या की दोन मिनिटांत सापडतात.

(खाली कोड मराठी अक्षरांत लिहिलाय, टाइप करताना नेहमीसारखा इंग्रजीतच करा, चिन्हं तीच आहेत.)

आधी एक गोष्ट पक्की करा. सी मध्ये कंडिशन म्हणजे शेवटी एक नंबर असतो. कंसात जे काही लिहिलंय त्याची किंमत काढली जाते, ती शून्य आली तर फॉल्स, आणि शून्य सोडून काहीही आलं, १ असो, ३५ असो की -७, तर ट्रू. ==, >, && हे ऑपरेटर पण उत्तर म्हणून फक्त ० किंवा १ च देतात. १९७२ च्या सुमारास डेनिस रिचींनी बेल लॅब्जमध्ये सी तयार केली तेव्हा ट्रू-फॉल्ससाठी वेगळा टाइप नव्हताच, तो स्टँडर्डमध्ये आला १९९९ ला. त्यामुळे कंसात कुठलाही नंबर चालतो आणि कंपायलर तुम्हाला अडवत नाही. खालच्या बऱ्याचशा चुका इथूनच निघतात.

एक बरोबर की दोन बरोबर

इफ (मार्क्स = ३५)
    प्रिंटएफ("काठावर पास");

इथे तुलना होतच नाही. मार्क्समध्ये ३५ भरले जातात, मग त्या अख्ख्या कंसाची किंमत होते ३५, शून्य नाही म्हणजे ट्रू. कुणाचेही मार्क टाका, काठावर पासच येणार, आणि वर ७८ टाकले असतील तर ते ७८ पण गेले, पुढच्या सगळ्या कंडिशन ३५ वरच चालणार. याच्या उलट इफ (एक्स = ०) लिहिलं तर ते कायम फॉल्स, आत कधीच जाणार नाही.

ही फक्त नवशिक्यांची चूक आहे असं समजू नका. नोव्हेंबर २००३ मध्ये लिनक्स कर्नलच्या (लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) कोडच्या एका कॉपीत कुणीतरी गुपचूप दोन ओळी घुसवल्या होत्या, त्यात युजर आयडी शून्य आहे का असं तपासल्यासारखं दिसत होतं पण == च्या जागी = होतं. म्हणजे त्या ओळी ज्या फंक्शनमध्ये होत्या ते ठराविक पद्धतीने कॉल करणाऱ्याचा आयडी शून्य व्हायचा, आणि लिनक्समध्ये शून्य म्हणजे रूट, सगळे अधिकार. असाइनमेंटची (म्हणजे = ने भरण्याची) किंमत शून्य म्हणून कंडिशन फॉल्स, त्यामुळे वरवर काही घडलंय असं दिसायचंही नाही. मूळ कोडशी ती कॉपी जुळत नाही हे लक्षात आलं म्हणून पकडलं गेलं.

उपाय काय, तर वॉर्निंग चालू करा. जीसीसी वापरत असाल तर कमांडमध्ये -डब्ल्यूऑल आणि -डब्ल्यूएक्स्ट्रा हे दोन्ही टाका, डब्ल्यू कॅपिटल आणि बाकी सगळं स्मॉल. कंडिशनमध्ये एकटा = दिसला की तो सांगतो. फक्त त्या असाइनमेंटला जादाचा कंस घातलात तर तो गप्प बसतो, त्याला वाटतं तुम्ही मुद्दाम केलंय. टर्बो सी वर असाल (बऱ्याच कॉलेजांत अजून आहेच) तर तिथेही "पॉसिबली इनकरेक्ट असाइनमेंट" अशी वॉर्निंग येते, पण थेट कंट्रोल एफ ९ दाबून रन केलं की ती वाचायची राहून जाते, म्हणून आधी ऑल्ट एफ ९ ने नुसतं कंपाइल करून खालची विंडो बघा. काहीजण ३५ == मार्क्स असं उलटं लिहायला सांगतात, म्हणजे एक बरोबर विसरला तर एरर येते. चालतं, पण दोन्ही बाजूंना व्हेरिएबल असले की त्याचा काही उपयोग नाही, माझं मत वॉर्निंगच्या बाजूने.

जाता जाता, => आणि =< लिहिलं तर सरळ एरर येते, त्याची काळजी नाही. पण != च्या ऐवजी =! लिहिलं तर ते कंपाइल होतं! एक्स =! ५ म्हणजे ५ चं नॉट, म्हणजे ०, आणि ते एक्समध्ये भरलं.

गणितात लिहितो तसं लिहिणं

इफ (१८ <= वय <= ६०)

शाळेत असंच लिहायचो, वहीत बरोबरच होतं. सी मात्र डावीकडून एकेक सोडवते. आधी १८ <= वय, याचं उत्तर ० किंवा १, मग ते ० किंवा १ हे ६० पेक्षा लहान आहे का, तर असणारच. वय ५ टाका नाहीतर ९५ टाका, कायम ट्रू. लिहायचं असं: वय >= १८ && वय <= ६०. दोन्ही वेळा व्हेरिएबलचं नाव यायलाच हवं.

याचाच जुळा भाऊ म्हणजे स्वर ओळखायचा प्रोग्राम:

इफ (सीएच == 'ए' || 'ई' || 'आय')

बोलताना आपण "ए किंवा ई किंवा आय असेल तर" म्हणतो म्हणून हात तसाच चालतो. पण || च्या उजवीकडे नुसता 'ई' उभा आहे, त्याची तुलना कशाशीच नाही, आणि त्याचा आस्की कोड (कॉम्प्युटर अक्षर ज्या नंबराने साठवतो तो) १०१, म्हणजे शून्य नाही, म्हणजे ट्रू. मग तुम्ही के दाबा, झेड दाबा, सगळे स्वर. प्रत्येक अक्षरासाठी सीएच == परत लिहा, लांब होतं पण इलाज नाही. (किंवा स्विच वापरा, तिथे हे छान बसतं.)

"हा पण नाही आणि तो पण नाही"

यावर जरा थांबूया, कारण इथे वॉर्निंगच्या भरवशावर बसता येत नाही आणि वाचताना कोड बरोबरच वाटतो. युजरने वाय किंवा एन दाबेपर्यंत परत परत विचारायचंय:

व्हाइल (सीएच != 'वाय' || सीएच != 'एन')

हा लूप थांबतच नाही. हातात पेन घेऊन करून बघा. समजा वाय दाबला. पहिला भाग, वाय नाहीये का? आहे, म्हणून ०. दुसरा भाग, एन नाहीये का? हो नाहीये, म्हणून १. ० || १ म्हणजे १, लूप चालू. एन दाबला तर पहिला भाग १, लूप चालूच. एकच अक्षर एकाच वेळी वाय आणि एन दोन्ही असू शकत नाही, त्यामुळे दोनातला एक भाग ट्रू राहतोच. इथे && हवं.

गोंधळ होत असेल तर सोपी पद्धत अशी की आधी थांबायची कंडिशन लिहा, सीएच == 'वाय' || सीएच == 'एन', ती सगळी कंसात घाला आणि बाहेर एक ! लावा. कंस उघडायचा असेल तर == चे != होतात आणि || चं && होतं. हाच डी मॉर्गनचा नियम, अकरावी-बारावीच्या लॉजिकमध्ये झालेला असतो. (ऑगस्टस डी मॉर्गन यांचा जन्म आपल्या मदुराईचा, १८०६ सालचा.)

कंस न घालणं

&& हे || च्या आधी सोडवलं जातं. त्यामुळे

इफ (वय >= १८ && शहर == १ || शहर == २)

यात शहर २ मधला १२ वर्षांचा मुलगा पण आत येतो, कारण वयाची अट फक्त पहिल्या शहराला लागली. दोन्ही शहरांना लावायची असेल तर || वाला भाग कंसात. तसंच !एक्स == ५ म्हणजे आधी !एक्स, मग त्या ० किंवा १ ची ५ शी तुलना, कायम फॉल्स. !(एक्स == ५) लिहा नाहीतर सरळ !=.

एकच & टाइप झाला तर काय होतं ते पण बघून ठेवा. तो बिटवाइज ऑपरेटर, दोन्ही नंबरांचे बिट जुळवतो. २ && ४ म्हणजे १, पण २ & ४ म्हणजे ०. शिवाय && डावी बाजू फॉल्स असेल तर उजवीकडे बघतच नाही, आणि आपण त्यावर अवलंबून असतो:

इफ (बी != ० && ए / बी > २)

बी शून्य असेल तर भागाकार होतच नाही. इथे एकच & पडला की दोन्ही बाजू सोडवल्या जातात आणि साध्या पीसीवर लिनक्समध्ये "फ्लोटिंग पॉइंट एक्सेप्शन" म्हणून प्रोग्राम आपटतो, प्रोग्रामात फ्लोट एकही नसला तरी. कंडिशनचा क्रम उलटा केला तरी तेच, शून्याचा चेक डावीकडेच हवा. आणि याच कारणाने && च्या उजवीकडे आय++ सारखं काही लिहू नका, ते कधी चालेल कधी नाही.

आणखी एक, & हा == च्या नंतर सोडवला जातो, म्हणून फ्लॅग & ४ == ४ म्हणजे फ्लॅग & १ होऊन बसतं. हे विचित्र वाटतं ना, तर त्याला कारण आहे: अगदी सुरुवातीला && नव्हतंच, & च दोन्ही कामं करायचा, && नंतर आलं पण जुने प्रोग्राम मोडू नयेत म्हणून & ची जागा तशीच ठेवली. रिचींनी स्वतः लिहून ठेवलंय हे.

सेमीकोलन आणि महिरपी कंस

इफ (मार्क्स >= ३५);
    प्रिंटएफ("पास");

सेमीकोलनने इफ तिथेच संपला, "पास" सगळ्यांनाच. पुढे एल्स असेल तर मात्र एरर येते, टर्बो सी मध्ये "मिसप्लेस्ड एल्स", जीसीसी मध्ये "एल्स विदाउट अ प्रीव्हियस इफ". ही एरर आली की एल्सच्या ओळीकडे बघत बसू नका, वरच्या इफच्या शेवटी बघा.

महिरपी कंस नसला तर इफच्या ताब्यात फक्त पहिलंच वाक्य, तुम्ही टॅब देऊन खाली कितीही ओळी सरळ रेषेत लावा. फेब्रुवारी २०१४ मध्ये ॲपलला आयफोनसाठी घाईघाईने अपडेट काढावं लागलं ते यावरूनच, सुरक्षित कनेक्शन तपासायच्या कोडमध्ये इफखाली "गोटू फेल" ही ओळ दोनदा पडली होती, कंस नव्हता, दुसरी ओळ कंडिशन न बघताच चालायची आणि सही तपासायचा भागच गाळला जायचा. एकच ओळ असली तरी कंस घाला. इफच्या आत इफ असेल तर नक्कीच, नाहीतर एल्स सगळ्यात जवळच्या इफला चिकटतो, तुम्हाला बाहेरच्याला हवा असला तरी.

शिडीचा क्रम

दहावीच्या निकालाचा प्रोग्राम सगळ्यांना असतो: ७५ ला डिस्टिंक्शन, ६० ला फर्स्ट क्लास, ४५ ला सेकंड, ३५ ला पास. वर आधी इफ (टक्के >= ३५) लिहिलं तर ९२ टक्केवाला पण तिथेच "पास" होऊन बाहेर. >= असेल तर मोठ्या आकड्यापासून खाली या. आणि एल्स इफच्या जागी नुसते इफ इफ लिहिले तर ९२ ला चारही ओळी छापल्या जातात. स्विचमध्ये ब्रेक विसरलं तरी असंच, खालचे सगळे केस धडाधड चालतात.

कंडिशन बरोबर, पण आत आलेली व्हॅल्यूच वेगळी

आधी नंबर वाचला, मग पर्सेंट सी ने अक्षर वाचलं, आणि प्रोग्राम अक्षर द्यायला थांबतच नाही? नंबरनंतर दाबलेला एंटर बफरमध्ये (टाइप केलेलं वाचलं जाईपर्यंत थांबतं ती जागा) राहिलेला असतो, तोच अक्षर म्हणून वाचला जातो. पर्सेंटच्या आधी एक स्पेस द्या, मिटलं. वाय आणि कॅपिटल वाय वेगळे, दोन्ही तपासा. एक अक्षर सिंगल कोटमध्ये, डबल कोट म्हणजे स्ट्रिंग. स्ट्रिंग == ने तपासू नका, त्याने मेमरीतले पत्ते जुळवले जातात, मजकूर नाही, एसटीआरसीएमपी हे फंक्शन वापरा आणि ते जुळल्यावर शून्य देतं हे विसरू नका, म्हणजे इफमध्ये == ० लिहायचं.

फ्लोट एफ = ०.१ करून इफ (एफ == ०.१) केलं तर फॉल्स येतं, कारण नुसता ०.१ हा डबल असतो आणि फ्लोटमधला ०.१ तेवढा अचूक नसतो. ०.५ ला मात्र बरोबर येतं, म्हणून हे कधी कळतच नाही. फरक काढा, एफएबीएस (उणे चिन्ह काढणारं फंक्शन) लावा, तो ०.०००१ पेक्षा कमी आहे का बघा.

आणि व्हॉट्सॲपवर आलेल्या नोट्समधून किंवा पीडीएफमधून कोड कॉपी केला असेल आणि "स्ट्रे" असं काहीतरी लिहिलेल्या एररचा पाऊस पडत असेल, तर अवतरण चिन्हं वाकडी आलीत, ती हाताने परत टाइप करा.

तरी सापडत नसेल तर

कंडिशनलाच छापा. ती नंबरच आहे ना, मग इफच्या बरोबर वरच्या ओळीत प्रिंटएफमध्ये पर्सेंट डी देऊन अख्खी कंडिशन उचलून टाका, ० येतंय की १ ते दिसेल. ती मोठी असेल तर && च्या दोन्ही बाजू वेगवेगळ्या छापा, सोबत व्हेरिएबल पण. सीएच पर्सेंट डी ने छापला आणि १० आला तर तो मगाचचा एंटर आहे. मग इनपुट काठावरचे द्या: ३४, ३५, ३६. लीप वर्षाला १९००, २०००, २०२३, २०२४ हे चार द्या, १९०० आणि २०२३ ला नाही आलं पाहिजे, बाकी दोघांना हो.