त्वचेच्या कॅन्सरचं कोडिंग: नव्या कोडरसाठी थोडं अनुभवाचं

बी.फार्म., फिजिओथेरपी, बीएचएमएस, नर्सिंग अशा वेगवेगळ्या वाटांनी मुलंमुली मेडिकल कोडिंगमध्ये, म्हणजे निदान-उपचारांना ठरावीक कोड देण्याच्या कामात, येतात आणि पुण्या-मुंबईत बसून अमेरिकेतल्या दवाखान्यांचे चार्ट (रुग्णांच्या नोंदी) कोड करू लागतात. डर्मॅटॉलॉजी वाट्याला आली की बहुतेकांना हायसं वाटतं. चार्ट छोटे, आजार तेच तेच. मी या स्पेशालिटीत बरीच वर्षं आहे आणि नव्यांना शिकवतेही. माझं मत विचाराल तर सुरुवातीच्या टप्प्यातल्या त्वचेच्या कॅन्सरचा चार्ट सगळ्यांत जपून हाताळायचा. इथे एका अक्षराच्या फरकाने माणसाच्या रेकॉर्डवर कॅन्सर लागतो किंवा लागत नाही, आणि एकदा लागला की तो काढून टाकणं त्याला फार जड जातं.

आधी त्वचेची रचना पक्की करा. वरचा थर एपिडर्मिस, खालचा डर्मिस, आणि दोघांच्या मध्ये बेसमेंट मेम्ब्रेन. कॅन्सरच्या पेशी वरच्याच थरात असतील तर ते इन सिटू. आयसीडी-१०-सीएम या निदानांच्या कोडसूचीत मेलॅनोमा (रंगपेशींचा कॅन्सर) असेल तर डी०३, इतर कार्सिनोमा असेल तर डी०४. पेशी तो पडदा ओलांडून खाली उतरल्या की मेलॅनोमा सी४३ मध्ये जातो, बेसल सेल आणि स्क्वॅमस सेल कार्सिनोमा सी४४ मध्ये. डॉक्टरांनी नोटमध्ये 'अर्ली मेलॅनोमा' एवढंच लिहिलं असेल तर कोड ठरत नाही. स्टेज शून्य म्हणजे डी०३, पण स्टेज एक-ए सुद्धा सुरुवातीचीच, आणि तिचा कोड सी४३. जाडी किती मिलिमीटर, हे आयसीडी-१०-सीएमच्या कोडमध्ये कुठेच येत नाही.

म्हणून मी नव्यांना पॅथॉलॉजी रिपोर्ट ओळ न् ओळ वाचायला लावते. समजा रिपोर्ट असा आहे: डावा दंड, शेव्ह बायोप्सी, मेलॅनोमा, सुपरफिशियल स्प्रेडिंग प्रकार, ब्रेस्लो (गाठीची जाडी) ०.३ मिमी, क्लार्क लेव्हल (पेशी कोणत्या थरापर्यंत पोचल्या) दोन, अल्सरेशन नाही. ०.३ मिमी म्हणजे अगदीच पातळ, म्हणून हात आपोआप इन सिटूकडे जातो. पण ब्रेस्लोचा आकडा दिलाय याचाच अर्थ पेशी खाली उतरल्यात, आणि क्लार्क लेव्हल दोनही तेच सांगते. कोड सी४३.६२. तोच रिपोर्ट क्लार्क लेव्हल एक म्हणाला असता तर डी०३.६२.

उलटही होतं. नाकावरची गाठ, रिपोर्टमध्ये ठळक अक्षरात 'स्क्वॅमस सेल कार्सिनोमा', आणि 'इन सिटू' हे शब्द पुढच्या ओळीत. घाईत सी४४.३२१ टाकला जातो, खरा कोड डी०४.३९. बोवेन्स डिसीज (स्क्वॅमस सेल इन सिटूचंच दुसरं नाव) लिहिलं असेल तरी डी०४ च. लेंटिगो मॅलिग्ना डी०३ मध्ये, पण लेंटिगो मॅलिग्ना मेलॅनोमा सी४३ मध्ये. शेवटचा एक शब्द वाढला की विभाग बदलला. अ‍ॅक्टिनिक केराटोसिस तर कॅन्सरच नाही, त्याचा एल५७.०.

निओप्लाझम टेबल (कोडबुकातला गाठींचा तक्ता) उघडायची घाई करू नका. आधी इंडेक्समध्ये (नावांच्या सूचीत) गाठीच्या प्रकाराचं नाव शोधा, तिथून टेबलकडे किंवा थेट कोडकडे जा, आणि शेवटी टॅब्युलर लिस्टमध्ये (कोडच्या क्रमवार यादीत) खात्री करा. मेलॅनोमा थेट टेबलात 'स्किन' खाली शोधलात तर सी४४ मध्ये जाऊन पडाल.

बायोप्सीचा निकाल यायच्या आधी चार्ट हातात आला तर? ओपीडीच्या चार्टला नियम स्पष्ट आहे: 'प्रोबेबल', 'सस्पेक्टेड', 'रूल आउट' असं लिहिलेलं निदान कोड करायचं नाही. भरती रुग्णाच्या हॉस्पिटल कोडिंगचा नियम वेगळा आहे, दोन्हींची सरमिसळ करू नका. नोटमध्ये नुसतं 'स्किन लीजन' असेल तर एल९८.९, 'निओप्लाझम' लिहिलंय पण स्वभाव (कॅन्सर की साधी गाठ) सांगितलेला नाही, तर डी४९.२. डी४८.५ मात्र अशा वेळी अजिबात नको. तो कोड पॅथॉलॉजिस्टने पेशी पाहून 'स्वभाव ठरवता येत नाही' असं म्हटल्यावरच लागतो. बहुतेक क्लायंट रिपोर्ट येईपर्यंत विम्याचा क्लेम थांबवतात, आणि तेच रास्त आहे.

गाठ काढल्याच्या सीपीटी कोडसाठी (केलेल्या उपचाराचा कोड) मात्र पॅथॉलॉजीतलं माप घेऊ नका, कारण फॉर्मॅलिनमध्ये नमुना आकसतो. सर्जनने कापण्याआधी घेतलेलं माप लागतं. दंडावरची १.२ सेमीची मॅलिग्नंट गाठ, दोन्ही बाजूंनी अर्धा अर्धा सेमी मार्जिन (गाठीभोवतीची निरोगी त्वचा), एकूण २.२ सेमी. कोड ११६०३. मार्जिन धरायची राहिली तर ११६०२, आणि डॉक्टरांचे हक्काचे पैसे जातात. ऑपरेशन नोटमध्ये माप नसेल तर अंदाज बांधू नका, डॉक्टरांना क्वेरी (लेखी विचारणा) पाठवा. क्वेरी पाठवल्याने प्रॉडक्शन घटतं ही भीती मला कळते, पण टार्गेटपायी अंदाजाने टाकलेला कोड दुसऱ्याच्या आयुष्यात जाऊन बसतो.

सीपीसी या कोडरच्या प्रमाणपत्र परीक्षेची तयारी करणाऱ्यांनी हे चार्ट मुद्दाम सोडवावेत. परीक्षा १०० प्रश्नांची, चार तासांची, पास व्हायला ७० टक्के. पुस्तकं जवळ ठेवता येतात, पण पानं चाळत बसायला वेळ नसतो. कोड पाठ करण्यापेक्षा गाइडलाइन्समधलं निओप्लाझमचं प्रकरण दोन-तीनदा नीट वाचा. दर वर्षी १ ऑक्टोबरला कोड बदलतात, म्हणून जुनं पुस्तक स्वस्तात मिळालं तरी घेऊ नका.

शेवटी 'हिस्टरी ऑफ मेलॅनोमा' या ओळीबद्दल. डॉक्टर ती सर्रास लिहितात, उपचार चालू असतानाही. मार्जिन वाढवण्यासाठी रुग्ण पुन्हा ऑपरेशन टेबलवर आला असेल आणि नव्या नमुन्यात एकही कॅन्सरची पेशी सापडली नसेल, तरी उपचार त्याच गाठीसाठी चाललाय, म्हणून मूळ सी४३ किंवा डी०३ च राहतो. उपचार पूर्ण होऊन रोगाचा मागमूस नसेल तेव्हाच झेड कोड (होऊन गेलेल्या आजाराचा): मेलॅनोमासाठी झेड८५.८२०, इन सिटू मेलॅनोमासाठी झेड८६.००६. इथेही हे दोन वेगळेच ठेवलेत, तेव्हा जुना पॅथॉलॉजी रिपोर्ट चार्टमध्ये असेल तर तो उघडून बघितल्याशिवाय कोड टाकू नका.